पाहुणी सोंगटी

१

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कुणी गेलं की लोक आधी विचारतात, कुठल्या कंपनीत? कल्याण डोळसच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवला नाही. तो गेला आपल्या भाड्याच्या खोलीत, खुर्चीत बसल्या जागी, मागून डोक्यात पहार बसून. पहार त्याच इमारतीच्या जिन्याखाली पडलेली असायची. मारणाऱ्यानं ती पुसून परत जागच्या जागी ठेवली होती, पण घाईचं पुसणं ते. टोकाशी राहायचं ते राहिलंच.

सहायक पोलीस निरीक्षक मोनिका उजागरे खोलीत शिरल्या तेव्हा टेबलावर कल्याणचा मोबाईल चार्जिंगला लावलेलाच होता. पडद्यावर सोंगट्यांचा पट होता आणि वर गुलाबी अक्षरं होती, 'यंदाचा मानकरी : मच्छिंद्र कारभारी'. खाली फटाक्यांचं चित्र पुन्हापुन्हा फुटत होतं. मेलेल्या माणसापुढं चाललेला तो आनंद बघून बाईंना शिसारी आली, पण पुरावा म्हणून तो बंदही करता येईना.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते कल्याणचा खोलीतला सोबती गोरक्ष यानं. रात्रपाळी उरकून तो सकाळी आला तर दार नुसतं लोटलेलं. दोघंही जामखेडच्या पुढच्या खडकाच्या वाडीचे. त्या वाडीत नाथांच्या यात्रेआधी सोंगट्यांचा पट मांडायची जुनी रीत. जिंकेल त्याला यात्रेत मानाचा फेटा. पुढं पोरं सुप्याला, चाकणला, पुण्याला पोटामागं पांगली आणि पट ओस पडला. तेव्हा कल्याणनं तो मोबाईलवर आणला. ज्यानं त्यानं असेल तिथून खेळायचं आणि खेळाचे नियम कल्याणनं त्याच्या खोलीतून लावायचे. आदल्या संध्याकाळी अंतिम डाव झाला होता, आणि तो चालू असतानाच कुणीतरी नियम लावणाऱ्यालाच संपवलं होतं.

खुर्चीमागं मोनिकाबाईंच्या बुटाखाली काहीतरी कचकन चिरडलं. खाली बघितलं तर काळपट खडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. हवालदार गहिनीनाथ पहार कापडात गुंडाळून लाखेनं सील करत होते. ते म्हणाले, "आपलीच लाख हाय मॅडम, सांडली आसंल." बाईंनी तरी तो खडा कागदाच्या पुडीत टाकला आणि विसरून गेल्या.

विसरायला कारण झालं. गोरक्षनं वाडीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी आलेला एक आवाज त्यांना ऐकवला. पोरगेला, चिडलेला आवाज होता. "कल्याणदादा, ती नशिबाची पट्टी खाली घे. न्हाईतर मी खोलीवर येऊन तुज्याकडं बघतो."

२

आवाज हर्षलचा होता आणि हर्षल खरंच खोलीवर आला होता. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात तो जिना चढताना दिसत होता, थोड्या वेळानं उतरतानाही. जिन्याला मागच्या बोळातूनही वाट होती, पण तिकडं कॅमेरा नव्हता. त्याला दुपारच्या आत आणून बसवलं. वाडीतल्या बनुबाईचा हा एकुलता एक, सुप्यातच एका कारखान्यात वेल्डर. खेळात म्हणाल तर वाघ. बोलण्यात मात्र डोकं गहाण ठेवून आलेला.

नशिबाची पट्टी म्हणजे काय, ते मोनिकाबाईंनी त्याच्याकडूनच समजून घेतलं. खेळ सुरू व्हायच्या आधी ती सरकवून ठेवायची. शून्यावर ठेवली की चारही खेळणाऱ्यांना सारखीच दानं, त्याच क्रमानं. मग जिंकणार तो अकलेवर. शंभरावर नेली की ज्याचं दान त्याचं, वर मागं पडलेल्याला जादाचं. मग आंधळ्यानं हात फिरवला तरी चालतंय. वाडीत ती दरसाल मधोमध असायची. निम्मं नाथांचं, निम्मं हाताचं, असं म्हणायचे. यंदा उपांत्य डावाच्या आदल्या दिवशी कल्याणनं ती ऐंशीवर नेली आणि हर्षल एका नवशिक्या पोराकडून हरला.

"मंग माज्या खेळाला काय किंमत राह्यली?" हर्षल म्हणाला. "तेवडंच इचारायला गेल्तो. दार वाजवलं, पर त्यानं उघडलं न्हाई. आत कवड्यांचा आवाज येत हुता."

"मोबाईलमधल्या?"

"न्हाई. खऱ्या, फरशीवर टाकलेल्या. मोबाईलमदल्या खणखण वाजत्यात. ह्या बोद वाजत हुत्या. मला वाटलं, दादा मुद्दाम दार उघडंना. मी आलो निघून."

गहिनीनाथांनी बाईंकडं बघून मान हलवली. सबंध खोली झाडून काढली होती आणि तिथं एक कवडी सापडली नव्हती. धमकीचा आवाज होता, कॅमेऱ्यात तोंड होतं, वर न पटणारी गोष्ट. नगरहून साहेबांचा फोन आला की आरोपी हातात आहे तर घोळ घालू नका, उद्या कोर्टापुढं उभा करा. खुनाच्या कलमात एकदा पोरगा आत गेला की त्याची जवानी आतच पिकणार, हे बाईंना नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी हर्षलच्या हातांकडं बघितलं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेले, रागीट हात होते, आणि रागीट माणूस पहार पुसून जागच्या जागी ठेवत बसत नाही.

३

गोरक्षला पुन्हा बोलावलं. कवड्यांचं नाव काढल्याबरोबर तो दचकला.

कल्याणकडं कवड्या होत्या, तो म्हणाला, पण खेळायच्या नव्हेत, कौलाच्या. वाडीत चोरी झाली, बांधावरून तंटा झाला, की नाथांपुढं पाच कवड्या टाकायच्या. जास्त कवड्यांची तोंडं वर आली की माणूस दोषी. त्या टाकायचा मान मच्छिंद्र कारभाऱ्याच्या घराण्याचा, दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. कौलाला अपील नाही. हर्षल पाळण्यात होता तेव्हा देवळातला चांदीचा मुखवटा गेला, तर कौल त्याच्या बापावर, ज्ञानदेवावर गेला होता. गावानं बोलणं टाकलं, पाणी टाकलं. महिन्याभरात ज्ञानदेवानं विहीर जवळ केली.

यंदा कल्याणला खेळात त्या कवड्यांचा आवाज घालायचा होता. चारचौघांत मागितल्यावर कारभाऱ्याला नाही म्हणता येईना, खिशातली पिशवी काढून दिली. आवाज भरता भरता कल्याण चिडला होता की ह्या वाजतच नाहीत नीट. मग दिवसेंदिवस त्या फरशीवर टाकत बसला. शेवटी एक कवडी कानशीनं घासून फोडली आणि गप्प झाला.

"काई बोलला न्हाई?"

"येकच वाक्य बोलला मॅडम. म्हनला, आता बनुमावशीला कसं सांगू? मला वाटलं, हर्षल हरनार म्हनून म्हनतोय."

पट्टी ऐंशीवर कुणाच्या सांगण्यावरून गेली, हेही गोरक्षला ठाऊक होतं. मच्छिंद्रकाकांनीच फोन केला होता की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जिंकायची संधी मिळू दे. आणखी एक सोय त्यांनीच मागून घेतली होती. वाडीला रेंज जाते, वेळेत दान टाकलं नाही की खेळणारा बाद होतो. तर तसं न होता त्याच्या जागी यंत्रानं डाव चालू ठेवावा, आणि दुसऱ्यांना ते कळूही नये, नाहीतर आजीबाईंना पोरं हसतात. कल्याणला त्यात वावगं वाटलं नाही. गोरक्षला तर मोठ्या मनाचा माणूस म्हणून कौतुकच वाटलं होतं.

मच्छिंद्र कारभारी सुप्यात मजूर पुरवण्याचं काम करायचा. साठीला टेकलेला, धोतर-टोपीतला, आवाज असा की तक्रार घेऊन आलेला माणूस चहा पिऊन परत जावा. कल्याणचं नाव निघताच त्याचे डोळे भरून आले. कवड्या कल्याणनं कधीच परत केल्या, म्हणाला. संध्याकाळभर तो आपल्या खोलीत पटावर होता. शेजारणीनं भिंतीपलीकडून मोबाईलमधल्या कवड्यांची खणखण शेवटपर्यंत ऐकली होती, आणि खेळाच्या नोंदीत त्याचं एकही दान चुकलेलं नव्हतं.

निघताना त्यानं हात जोडले. "पोरगं तापट हाय बाई, पर सांभाळून घ्या. बाप बी तसाच हुता त्याचा." हे बोलताना त्याचा आवाज जराही हलला नाही, आणि बाईंना ते फार लागलं.

पण लागून काय उपयोग? डाव खेळलेला, वर जिंकलेला माणूस त्याच वेळी दुसऱ्या गल्लीत पहार कशी उचलणार?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई ठाण्यात आली. मिळेल त्या टेम्पोनं, जीपनं आली होती. बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि रडली नाही.

मोनिकाबाईंनी तिला चहा दिला आणि अंतिम डावाचं विचारलं, कारण चौघांत एक तीच होती. उरलेली दोघं पुण्यात वाढलेली पोरं होती.

"डावाचं काय इचारता बाई," बनुबाई म्हणाली. "आसला डाव मी जन्मात बघितला न्हाई. कारभाऱ्यानं माजी पाहुनी मारली."

पाहुणी म्हणजे काय ते बाईंना कळेना. बनुबाईला त्यांची कीव आली असावी. प्रत्येकाची पहिली सोंगटी घराबाहेर पडते ती पाहुणी. पहिला फेरा पुरा होईपर्यंत तिला कुणी मारत नाही, मग समोर आयती आली तरी. दारी आल्या-आल्या पाहुण्याला मारतं का कुणी? हा नियम कल्याणच्या मोबाईलमध्ये कुठं घातलेला नव्हता. घालायची गरजच पडली नव्हती, वाडीतल्या माणसाचं बोट तिकडं जातच नसे.

"पुन्यातल्या पोरांनी मारली आसती तर समजलं आसतं, त्यान्ला काय म्हाईत. पर कारभारी! त्याच्या बापानं ही रीत आमाला शिकवली. मी काई बोलले न्हाई. म्हनलं, बोट लागलं आसंल चुकून. पर फुडं बी तसंच. दिसंल ती मारायची, आपली उघडी टाकायची. नेनतं पोर खेळतंय तसं. दानं तेवढी गुलामावानी पडत हुती, म्हनून जिंकला. कारभारी आसा खेळत न्हाई हो. तो कोनाचंबी वाईट करायचं तर निवांत करतो."

मोनिकाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. समोरच्या टेबलावर गहिनीनाथ कुठल्याशा दारूच्या बाटलीला सील ठोकत होते. मेणबत्तीवर धरलेली लाख थेंबाथेंबानं कापडावर पडत होती. ती लालभडक होती. सरकारी लाख लालच असते. बाईंच्या ड्रॉवरमधल्या पुडीतला खडा काळा होता.

त्यांनी साहेबांना फोन लावला आणि कोर्टाची वेळ दुपारनंतरची मागून घेतली. साहेब काय बोलले ते त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही. बनुबाईला म्हणाल्या, "चला, तुमच्या गावाला जायचंय."

५

वाडीत यात्रा भरली होती. खून झाला म्हणून नाथांची यात्रा थांबत नाही. मच्छिंद्र कारभाऱ्याच्या डोक्यावर मानाचा फेटा नुकताच चढला होता आणि गुलालानं त्याच्या मिशा गुलाबी झाल्या होत्या. पुण्याची दोन्ही पोरं मंडपात होती. पोलीस बघून वाजंत्री आपोआप थांबली.

मोनिकाबाई त्याच्यासमोर सतरंजीवर बसल्या. अभिनंदन केलं. मला खेळातलं काही कळत नाही, जरा समजावून सांगा, म्हणाल्या. तो बोलला, पण नाथांची कृपा आणि थोरांचा आशीर्वाद यांच्या पलीकडं जाईना.

"बनुबाईंची एक तक्रार आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांची पाहुणी मारलीत."

कारभारी हसला. मंडपाकडं हात करून म्हणाला, "बाई, ह्या हातानं आजवर पाहुनी मारली न्हाई. इचारा कुनाला बी. ही आमच्याच घराची रीत."

"नाही काका," पुण्याचं एक पोरगं भाबडेपणानं म्हणालं. "तुम्ही मारलीत की. तिसऱ्याच दानाला. आम्ही दोघांनी पाहिलं."

कारभाऱ्याचं हसू ओठावर होतं तसंच राहिलं. बोट लागलं असेल, असं त्याला आता म्हणता येत नव्हतं. ती वाट त्यानं स्वतःच, गावादेखत बुजवली होती.

मोनिकाबाईंनी घाई केली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात त्यांनी गोष्ट मांडली. मोबाईल खोलीत ठेवायचा, तो खणखणत राहणार, शेजारीण ऐकणार. डाव यंत्र खेळणार आणि कुणाला कळणार नाही. पण यंत्राला अक्कल बेताची. पट्टी मधोमध असती तर कारभारी असा कसा खेळतो, हे दोन दानांत उघड झालं असतं. म्हणून आधी पट्टी वर न्यायला लावली. नशिबाचा धुरळा एवढा उडाला की शहाणा कोण आणि मूर्ख कोण, दिसेनासं झालं. कारभाऱ्याला हा डाव गुपचूप हरायचा होता. पण दानंच अशी पडली की यंत्र जिंकलं आणि त्याच्या डोक्यावर फेटा आला. मग कुणी त्याला पाहुणीचं विचारलं नाही, कारण मानकऱ्याला विचारत नाहीत. आणि पाहुणीचा नियम खेळाच्या कुठल्याच सेटिंगमध्ये नव्हता, तो माणसांच्या बोटांत होता.

"कल्याण तुम्हाला बघून उठलासुद्धा नसेल," बाई म्हणाल्या. "त्याच्या मोबाईलवर तुम्ही खेळत होता आणि दारात उभेही होता. काका, तुमचा डाव चाललाय की, असंच काहीतरी म्हणाला असेल. त्यानं कवड्या तुमच्यापुढं फरशीवर टाकून दाखवल्या. हर्षल बाहेर दार वाजवत होता तेव्हा तुम्ही दोघं आत गप्प होता. खिशातली पिशवी काढा."

कारभाऱ्यानं खिशाला हात लावला नाही. गहिनीनाथांनीच पिशवी काढली. पाचांऐवजी चार कवड्या होत्या. एक कानशीवर फुटली होती, आणि तिच्या पोटातला काळ्या लाखेचा खडा बाईंच्या बुटाखाली आला होता.

"देवळात साध्या ठेवायच्या आणि खिशात ह्या, पाठीत लाख भरून जड केलेल्या, तोंड वरच पडावं म्हणून," बाई म्हणाल्या. "ज्याला सोडायचं त्याला साध्या, आणि ज्याला बुडवायचं त्याला ह्या."

कारभाऱ्यानं मग फेटा काढून मांडीवर ठेवला. "मुखवटा माज्या धाकल्या भावानं नेला हुता," तो म्हणाला. "घराण्याचं नाव जात हुतं. कल्याण म्हनला, काका, यात्रेत तुमीच सांगा, न्हाईतर मी सांगतो. लई समजावलं त्याला. मेलेल्या मानसासाठी जित्याला कशाला मारतोस, म्हनलं."

आणि मग त्यानं कल्याणला मारलं होतं.

६

त्याला गाडीत बसवलं. गावाला ओरडायचंसुद्धा सुचलं नाही. कित्येक घरांत त्या कवड्यांनी काही ना काही केलं होतं, जो तो आपलंच आठवत उभा होता. मोनिकाबाईंनी फोन करून कोर्टातला अर्ज थांबवला. हर्षल संध्याकाळपर्यंत सुटणार होता.

मंडप रिकामा झाला तरी बनुबाई बसून होती. पंचांच्या सह्या व्हायच्या होत्या, कवड्या अजून कापडावरच होत्या. तिनं बाईंकडं बघितलं. गहिनीनाथ काही बोलणार होते, त्यांना बाईंनी खुणेनं थांबवलं. नियमात बसणारं नव्हतं, पण बाईंना नाही म्हणवेना.

बनुबाईनं चार कवड्या ओंजळीत घेतल्या आणि सतरंजी बाजूला सारून फरशीवर टाकल्या. बोद आवाज आला. चारही तोंडं वर. तिनं त्या गोळा केल्या, पुन्हा टाकल्या, मग पुन्हा. दर वेळी चारही तोंडं वर. तिला कुणी थांबवलं नाही. थकली तेव्हा ती स्वतःच थांबली.

"मालक घरी आलं तवा मी त्यान्ला इचारलं हुतं," ती म्हणाली. "म्हनलं, खरं सांगा, घेतला का मुखवटा? ते म्हनलं, न्हाई गं. मी म्हनलं, मंग कवड्या खोटं बोलत्यात व्हय? त्याच्यानंतर ते मला काई बोललं न्हाईत."

मोनिकाबाई तिच्या शेजारी फरशीवर येऊन बसल्या.

"यवढी वर्सं मी नशिबाला शिव्या घातल्या बाई. त्याचा काई सबंधच नव्हता. ते तर आमच्या वाटेला आलंच न्हाई कदी."

तिनं कवड्या पदरानं पुसल्या, एकेक करून कापडावर परत ठेवल्या, आणि हात मागं घेतला. गहिनीनाथांनी मेणबत्ती पेटवली. बाईंनी कापडाच्या गाठीवर लाल लाख ओतली, शिक्का दाबला, आणि ती वाळेपर्यंत दोघी तिथंच बसून राहिल्या.